सह्याद्रीत उघड्यावर एक रात्र: कमी सामानात मुक्काम करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

पाऊस सरला की महिन्यातून एक-दोन रात्री मी डोंगरात काढतो, आणि तंबू क्वचितच नेतो. ताडपत्री, घोंगडी, कोयता आणि एक टोप एवढ्यावर भागतं हे कळल्यावर लोक विचारायला लागतात. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून ते एकदा नीट लिहून काढले. हे सगळं सह्याद्रीपुरतं आहे. ताडोबा-मेळघाटासारख्या वाघाच्या जंगलात यातलं काहीही करून पाहू नका.

१. तंबू आणि स्लीपिंग बॅग नसताना खरंच रानात रात्र काढता येते का?

येते. मेंढरांमागे फिरणारी धनगर मंडळी दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत उघड्यावरच राहतात. पण त्यांच्याकडे सामान कमी असलं तरी माहिती भरपूर असते. पाणी कुठं आहे, वारा कुठून फिरतो, कुठलं झाड भरवशाचं नाही, हे त्यांना ठाऊक असतं. आपल्याला ते ठाऊक नसतं, म्हणून आपण उजेडात पोचायचं. डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या आसपास उगवतो, म्हणजे रात्र तेरा तासांची. मुक्कामाची जागा दुपारी चारला सापडलेली असली पाहिजे. तंबू नव्हता म्हणून हाल झालेली माणसं मी फारशी पाहिली नाहीत. अंधारात पोचल्यामुळे झालेली खूप पाहिली.

२. कमीत कमी म्हणजे नेमकं काय काय घ्यायचं?

दोघांसाठी माझी पिशवी अशी भरते: शेतीच्या दुकानातली आठ बाय दहा फुटांची ताडपत्री, सुतळीचा एक गुंडा आणि दहा-बारा मीटर नायलॉनची दोरी. माणशी एक घोंगडी, खाली घालायला सतरंजी किंवा पोती उसवून शिवलेलं चवाळं. एक मच्छरदाणी, तिचं कारण प्रश्न ११ मध्ये आहे. कोयता किंवा लहान सुरी. झाकणाचा टोप, दोन पेले, एक पळी. काडेपेटी दोन ठिकाणी ठेवलेली, एक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. डोक्याला लावायची बॅटरी आणि तिचे जादा सेल. कापूर, मेणबत्तीचा तुकडा, शिट्टी, पंचा, कोरडे मोजे. पाणी माणशी तीन ते चार लिटर.

घोंगडीवर लोक वाद घालतात, कारण ती जड असते. माझं मत ठाम आहे: लोकरीची घोंगडी दवानं ओलसर झाली तरी ऊब देते, ठिणगी पडली तर भोक पडून थांबते, पेट घेत नाही. कृत्रिम धाग्याचं पातळ ब्लँकेट शेकोटीजवळ धोक्याचं असतं. जिथं सामान कमी तिथं प्रत्येक वस्तूनं दोन-तीन कामं करायला हवीत. घोंगडी पांघरूण होते, खोळ होते आणि मधमाश्या उठल्या तर डोक्यावरचं छप्परही होते.

कपड्यांत जीन्स नको. ती एकदा भिजली की रात्रभर वाळत नाही. झोपायचे कपडे वेगळे आणि कोरडे ठेवा. चढताना घामेजलेला शर्ट घालून झोपलात तर पहाटे तीनला कुडकुडत उठाल.

३. कुठंही राहिलं तर चालतं का? परवानगी लागते का?

कुठंही चालत नाही. अभयारण्यात शिरायला आणि राहायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे परवानगी लागते. राखीव वनात विस्तव करण्यावर भारतीय वन कायदा, १९२७ चं बंधन आहे. भीमाशंकर, कोयना, राधानगरी, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही सगळी अभयारण्यं आहेत. वासोट्याला बामणोलीहून बोटीनं गेलात तर संध्याकाळच्या आत परतावंच लागतं, तिथं मुक्काम नाही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित गडांवर आणि लेण्यांतही रात्री थांबता येत नाही. गडागणिक नियम वेगळे असतात आणि मधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात किंवा पायथ्याच्या गावात विचारा.

सगळ्यात सरळ वाट म्हणजे डोंगराच्या कुशीतल्या वाडीत जाऊन शेताच्या मालकाला विचारणं. “मामा, तुमच्या खाचरात आज रात्री पथारी टाकली तर चालेल का?” एवढं विचारलं की बहुतेक वेळा जागा मिळते, आणि अनेकदा चहासुद्धा. सकाळी निघताना पैसे द्यायचे. ते नको म्हणाले तरी घरातल्या मावशींकडून दुपारची भाकरी विकत घ्या, म्हणजे देणं-घेणं सन्मानानं होतं.

४. पहिल्यांदाच जातोय. कुठं आणि कधी जावं?

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत, पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस अलीकडे. सूर्य मावळतानाच चंद्र वर असतो आणि पहिल्या रात्रीची भीती त्या उजेडानं निम्मी होते. जागा म्हणाल तर राजमाचीची उधेवाडी. लोणावळ्याहून सरळ वाट आहे, श्रीवर्धन आणि मनरंजन हे बालेकिल्ले डोक्यावर आहेत, आणि गावात जेवणाखाणाची, राहण्याची सोय होते. बाहेर झोपून पाहा. नाहीच जमलं तर दहा पावलांवर कुणाची तरी पडवी असते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पहिली रात्र काढायला जाऊ नका. कडा उघडा, वारा अंगावर, शनिवारी गर्दी, आणि अंधारात कड्याची कड दिसत नाही.

५. जागा कशी ओळखायची?

एकदा नाणेघाटाच्या पठारावर ओढ्याकाठच्या लुसलुशीत गवतावर मी पथारी टाकली. पाणी हाताशी, जमीन मऊ, वारा नाही. रात्री एकच्या सुमारास दात वाजायला लागले. घोंगडी दवानं जड झाली होती. शेवटी सामान उचलून पन्नासएक पावलं चढावर गेलो, आणि तिथं हवा इतकी कमी गार होती की सकाळपर्यंत झोप लागली. गार हवा जड असते. ती रात्री उतारावरून वाहत खोलगट जागी साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, ती याचमुळे.

म्हणून ओढ्यापासून वर, पण डोंगराच्या धारेपासून खाली, अशी जागा शोधा. पूर्वेकडे उघडी असेल तर सकाळचं ऊन लवकर मिळतं. मग मान वर करून पाहा. डोक्यावर वाळकी फांदी लटकते आहे का? कड्याखाली ताजे, कोरे दगड पडलेत का? पडले असतील तर ती दरडीची जागा आहे. जमिनीवर पाहा: वारुळ, उंदरांची बिळं, दगडांचा ढीग, पाचोळ्याचा थर असेल तर पुढं चला. गुरांची किंवा रानडुकरांची मळलेली वाट ओलांडून झोपू नका. पाणवठ्यापासून तरी शंभर पावलं दूर राहा, कारण रात्री तिथं दुसऱ्यांची पाळी असते.

शेवटची परीक्षा सोपी आहे. बॅग ठेवून दहा मिनिटं नुसतं तिथं आडवं पडा. उतार, खडे, मुंग्या, वारा सगळं कळतं.

६. ताडपत्री बांधायची कशी? माझ्या ताडपत्रीच्या कड्या तुटल्यात.

कड्यांची गरजच नाही. कोपऱ्यापासून वीतभर आत सुपारीएवढा गोल खडा ताडपत्रीखाली धरा, वरून कापडासकट मुठीत घ्या आणि मुठीच्या खाली सुतळीचे दोन फेर देऊन आवळा. कापड कितीही ओढलं तरी ती गाठ सुटत नाही आणि ताडपत्रीला भोकही पडत नाही.

दोन झाडांमध्ये कमरेएवढ्या उंचीवर दोरी ताणा, ताडपत्री तिच्यावरून दोन्ही बाजूंना सोडा. वाऱ्याकडची बाजू जमिनीला टेकवून दगडांनी दाबा, दुसरी हातभर उंच ठेवा. नवखे लोक छप्पर फार उंच बांधतात. बसल्यावर डोकं टेकणार नाही इतकंच उंच पुरे. अवकाळी पाऊस आला तर पाणी दोरीवरून ओघळत आत येतं. ताडपत्रीच्या बाहेर दोरीला सुतळीचा एक तुकडा लोंबता बांधला की पाणी तिथूनच खाली ठिबकतं. आभाळ स्वच्छ असलं तरी छप्पर बांधाच, कारण ते दव अडवतं.

७. दोन घोंगड्या घेऊनही थंडी वाजली. काय चुकलं?

बहुधा दोन्ही अंगावर घेतल्या असणार. थंडी खालून लागते. अंगाच्या वजनानं अंथरूण दबतं आणि जमीन ऊब ओढून घेते. एक खाली, एक वर घ्या. भातकापणीनंतर वाडीत पेंढा असतो. दोन पेंढ्या मागून घेतल्या, वीतभर जाडीनं पसरल्या आणि वर सतरंजी टाकली की गादीचं काम होतं. सकाळी पेंढा गोळा करून परत द्या, तो गुरांचा चारा आहे.

पेंढा नसेल तर रिकामी पाठपिशवी उपयोगी पडते. गुडघ्यापर्यंत पाय तिच्यात घालून झोपा. वर्तमानपत्राचे दोन-तीन पदर शर्टाच्या आत छातीवर ठेवा. गरम पाण्याची स्टीलची बाटली मोज्यात घालून मांड्यांमध्ये धरली तर दोन-तीन तास सुखाचे जातात. झोपण्याआधी गूळ-शेंगदाणे खा. आणि लघवी लागली असेल तर उठाच, दाबून धरल्यानं थंडी कमी होत नाही, झोप मात्र जाते.

८. शेकोटी करायची का? लाकडं ओलसर असतील तर?

परवानगी नसेल तिथं नाही (प्रश्न ३). फेब्रुवारीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत तर परवानगी असली तरी नाही. तेव्हा गवत कडकडीत वाळलेलं असतं आणि वणवा एका ठिणगीवर पेटतो. वणव्यानंतरच्या उतारावर मी चाललोय. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी राखेत पडलेली पाहिली आहेत. त्यानंतर या बाबतीत मी कोणाची भीड ठेवत नाही.

जिथं चालते तिथं मोकळ्या मातीवर, जुन्या चुलीच्याच जागी, लहान आग करा. जमिनीवर पडलेल्या लाकडापेक्षा झाडीत अडकून राहिलेली वाळकी काटकी कोरडी असते. मोडताना कट्ट असा आवाज आला पाहिजे, वाकली तर उपयोगाची नाही. मनगटाएवढं लाकूड बाहेरून ओलं असलं तरी कोयत्यानं उभं चिरलं की आत कोरडं निघतं. त्याच्या बोटाएवढ्या ढलप्या काढा. खाली नारळाची सुकी शेंडी, तिच्यात कापराच्या दोन वड्या, वर ढलप्या. कापूर ओलसर हवेतही पेटतो. हिरवी फांदी तोडू नका. ती गुन्हाही आहे आणि नुसता धूर करते.

सरपण ओळखीच्या झाडाचंच घ्या. बिब्ब्याचा चीक आणि धूर दोन्ही अंगावर सूज आणतात.

निघताना पाणी ओता, काठीनं ढवळा, परत ओता आणि राखेत हात घालून पाहा. हाताला गरम लागलं तर आग विझलेली नाही.

९. जेवायला काय न्यावं?

पहिल्या रात्रीला शिजवायची गरजच पडू नये. दशम्या किंवा धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा, लसणाचा ठेचा. दशमीचं पीठ दुधात मळलेलं असतं, त्यामुळे ती दोन दिवस मऊ राहते. आपल्या आज्यांनी प्रवासासाठीच ती केली.

शिजवायचंच असेल तर खिचडी. दोघांसाठी एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मूगडाळ घरीच कोरडी भाजून, त्यात हळद, तिखट, मीठ, जिरं मिसळून पुडी बांधा. तिथं पाच वाट्या पाणी उकळून पुडी ओतली की पंचवीस मिनिटांत होते. तीन दगडांची चूल मांडताना ओढ्यातले दगड वापरू नका. आत मुरलेलं पाणी तापून ते फुटतात. निखाऱ्यांत कांदे-बटाटे पुरून ठेवले तर वेगळी भाजी लागत नाही. खरकटं आणि पिशव्या घरी परत आणा. गडावरची माकडं आज अंगावर येतात, ती आपणच लावलेल्या सवयीनं.

१०. गडावरच्या टाक्यातलं पाणी पिता येतं का?

गाळून आणि उकळून. पंच्याची चौघडी करून गाळा, उकळी फुटल्यावर एक मिनिट खळखळू द्या. तुरटी फिरवल्यानं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. उकळायची सोय नसेल तर मेडिक्लोर या क्लोरीनच्या औषधाचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घाला आणि अर्धा तास थांबा. मार्चनंतर बरीच टाकी आटतात, तेव्हा पाणी आहे की नाही हे पायथ्याला विचारूनच चढा. टाक्यात हात-पाय धुवू नका. हा नियम गड बांधला तेव्हापासूनचा आहे.

११. सापाची फार भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

भीती योग्य ठिकाणी ठेवा. नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार या चारांपैकी झोपलेल्या माणसाच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट मण्यार. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावा इतका बारीक असतो की अनेकांना जाग येत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या मिटायला लागणं, बोलताना जीभ जड होणं असं झालं आणि खूण काहीच दिसत नसली, तरी मण्यार चावली असं धरून रुग्णालयाकडे निघा.

यावर स्वस्त आणि खरा उपाय मच्छरदाणी. तिच्या कडा अंथरुणाखाली सगळीकडून खोचा. बूट उलटे करून झटकल्याशिवाय घालू नका. लाकूड उचलताना आधी काठीनं हलवा. कोकणात कातळावर दगड उलटवताना विशेष जपा, फुरसं तिथंच असतं. करवतीसारखी करकर ऐकू आली तर जागीच थांबा.

साप चावला तर त्या माणसाला चालवू नका, चावलेला हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर ठेवा, अंगठ्या-घड्याळ काढा आणि १०८ ला फोन करा. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं आवळायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. प्रतिसर्पविष हाच इलाज.

लाल विंचू चावल्यावर खूप घाम आणि हातपाय गार पडणं दिसलं तर तेही रुग्णालयाचंच काम. प्राझोसिन या औषधानं असे रोगी वाचतात, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं.

१२. अंथरुणाभोवती मीठ, राख किंवा काथ्याचा दोर टाकला तर साप येत नाही ना?

येतो. यातल्या कशालाही साप अडत नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि बहुतेक वेळा कुणीतरी वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं असतं. त्यांचा मान ठेवून दोर टाका हवं तर, पण मच्छरदाणी खोचा.

१३. बिबट्या आला तर?

आजूबाजूला असतोच, आपल्याला दिसत नाही. जुन्नर भागात तर तो उसात राहतो, म्हणून तिथं उसाच्या कडेला मुक्काम टाळा. एकमेकांजवळ झोपा, मुलं मध्ये. रात्री बाहेर जायचं तर दोघांनी, बॅटरी लावून, बोलत. समोर आलाच तर उभे राहा, हात वर करा, आवाज करा, त्याच्याकडे पाठ न करता मागं सरका. पळू नका, खाली बसू नका. शेकोटीवर भिस्त ठेवू नका, ती पहाटे विझते.

दाजीपूरकडे बिबट्यापेक्षा गव्याला जास्त जपावं लागतं. एकटा नर गवा दिसला की वाट सोडून लांबून वळसा घ्या.

१४. कड्याला आग्यामोहोळ आहे. खाली राहिलं तर चालेल?

नाही. सह्याद्रीत मला सापापेक्षा याची धास्ती अधिक वाटते. शेकोटीचा धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा एवढ्यानं आग्या उठतात. माश्या उठल्या तर झटकत उभे राहू नका. घोंगडी डोक्यावर घेऊन, तोंड झाकून, दाट झुडपांतून शक्य तितकं दूर जा. काटे नखानं खरवडून काढा. दहा-पंधराहून जास्त डंख असतील, ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर थेट दवाखाना.

१५. गुहेत किंवा लेण्यात झोपणं जास्त सुरक्षित नाही का?

नैसर्गिक गुहा असेल तर आधी तोंडाशी मोहोळ आणि आत वटवाघळांची लेंडी आहे का पाहा. कोरीव लेण्यात मुळीच नको. नियम प्रश्न ३ मध्ये सांगितला आहेच. शिवाय तिथं पेटवलेल्या एका चुलीची काजळी दोन हजार वर्षांच्या दगडावर बसते आणि ती पुसता येत नाही.

१६. पावसाळ्यात जमेल?

उघड्यावर नाही. ओढे तासाभरात चढतात, जळवा लागतात, लाकूड पेटत नाही. वाडीतल्या घरी राहा आणि दिवसा भटका. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात दुपारनंतर विजा होतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर ठेवा. गडगडाट सुरू झाला की धारेवरून आणि एकट्या झाडाखालून निघून खोलगट जागी या.

१७. एकट्यानं किंवा फक्त मुलींनी जावं का?

आधी चार-पाच रात्री सोबतीनं काढा, मग एकट्यानं. कागदावर वाट, मुक्काम आणि परतायची वेळ लिहून घरी द्या. “अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवा” हेही लिहा. मुलींच्या गटांना मी शनिवार टाळायला सांगतो. शनिवारी डोंगरात जे दारू पिऊन येतात त्यांचा त्रास जनावरांपेक्षा मोठा आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी, वाडीच्या हाकेच्या अंतरावर, शेवटच्या घरातल्या मावशींना सांगून राहा.

१८. शौचाला?

पाण्यापासून सत्तर मीटर दूर, वीतभर खड्डा, वर माती. कागद आणि पॅड पिशवीत घालून परत आणा. अंधार पडण्याआधी जागा पाहून ठेवा.

१९. मुक्काम करायचा नव्हता, पण वाट चुकली आणि अंधार झाला. आता?

चालणं थांबवा. सह्याद्रीत चुकलेल्या वाटा कड्याच्या टोकाला जातात आणि नाळेत, म्हणजे कड्यांमधल्या उभ्या घळीत, उतरलं की वर येता येत नाही. बसा, असेल ते सगळं अंगावर घाला, पिशवीवर बसा म्हणजे जमीन लागणार नाही. फोनची बॅटरी वाचवा, एकदाच ११२ ला कळवून ठिकाण सांगा. शिट्टीचे तीन-तीन आवाज, मध्ये मिनिटभर थांबून. वाटेत खाजकुयली अंगाला लागली असेल तर खाजवू नका. चिकटपट्टी दाबून कुसं उपटा आणि तो कपडा बदला.

२०. भीमाशंकरकडे वाडीत राहिलो होतो. रात्री एक कुजकं लाकूड हिरवं चमकताना दिसलं. भास होता का?

भास नव्हता. भर पावसात तिथल्या सडक्या फांद्यांवर प्रकाश देणारी बुरशी वाढते. बॅटरी विझवून दहा-पंधरा मिनिटं डोळे अंधाराला सरावू दिले तरच ती दिसते. पहिल्यांदा चांदण्याचा कवडसा पडल्यासारखं वाटतं, मग लक्षात येतं की वर ढग आहेत आणि चंद्र नाही. मी एकदा अशी बोटभर काटकी तळहातावर घेतली होती. ती गार आणि ओलसर होती, आणि हाताच्या रेषा दिसतील इतकासुद्धा उजेड नव्हता, फक्त काटकीचा आकार तेवढा हिरवट उठून दिसत होता. पाहून झाल्यावर जिथून उचलली तिथंच ठेवली. तुम्ही राहिलात त्या घरच्यांना विचारा, ते कुठल्या ओढ्याकडे जास्त दिसतं ते सांगतील.